जाझमधील संथ गीत : तें उमजावें कसें, गावें कसें

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



'बॅलड' हा इंग्रजी शब्द आपणांपैकीं पुष्कळांना शाळेपासून परिचित आहे, आणि म्हणूनच आजच्या विषयाच्या उंबरठ्यावर तो पायांत येण्याचा संभव आहे. अ‍ॅक्वर्थसाहेबांनीं मराठी पोवाड्यांचें इंग्रजी भाषांतर १८९४ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां ग्रंथाच्या नांवांतच त्यांनीं पोवाड्याला 'बॅलड' म्हटलें. बॅलड म्हणजे पोवाडा, असें समीकरण आपल्याकडे रूढ आहे, आणि इंग्रजी काव्यापुरतें तें चुकीचेंही नाहीं. परंतु जाझ नांवाच्या अमेरिकन संगीतांत हाच शब्द अगदीं वेगळ्या अर्थानें वापरतात. तेथें बॅलड म्हणजे संथ लयीचें, बहुधा प्रेमाचें किंवा विरहाचें, लहानसें गीत. त्यांत लढाई नाहीं, नायकाचा पराक्रम नाहीं, कथानकही बेताचेंच. एकच मनःस्थिति असते, आणि ती तीन-चार मिनिटें ढळूं न देतां सांभाळावयाची असते. पोवाड्यापेक्षां आपल्या भावगीताशींच त्याचें नातें अधिक जवळचें.

दुसरा शब्द 'स्टँडर्ड'. माझ्यासारख्या पेन्शनर मास्तराला हा शब्द ऐकतांच इयत्ता आठवते. जाझच्या मंडळींना मात्र गाणें आठवतें. जें गाणें त्या पेशांतील प्रत्येकाला येत असावें असें गृहीत धरतात, जें आतां कोणा एकाचें राहिलेलें नाहीं, तें स्टँडर्ड. दोन अनोळखी वादक प्रथमच भेटले, एकानें गाण्याचें नांव व पट्टी सांगितली, कीं दोघेही वाजवूं लागतात. अशीं पुष्कळशीं गाणीं मूळचीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील किंवा बोलपटांतील. नाटकें विस्मृतींत गेलीं, गाणीं उरलीं. हा प्रकार आपणांस नवा वाटण्याचें कारण नाहीं. 'मानापमान' १९११ सालीं व 'स्वयंवर' १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील पदें नाटकगृहाबाहेर पडून मैफलींत आलीं, आणि ज्यांनीं तीं नाटकें कधीं पाहिलीं नव्हतीं अशा रसिकांनींही तीं आपलीं म्हणून ऐकलीं. बालगंधर्वांचीं पदें कुमार गंधर्वांनीं पुढें आपल्या दृष्टीनें गाइलीं; त्या उपक्रमाला त्यांनीं 'मला उमजलेले बालगंधर्व' असें नांव दिलें होतें. या नांवांतील 'उमजलेले' हा शब्द आपण हाताशीं ठेवूं. जाझमधील बॅलड गाणें म्हणजे काय, याचें मर्म त्या एका शब्दांत आहे. जें गाणें सर्वांचें आहे तें मला काय उमजलें, हें गाऊन दाखवावयाचें.

कोणी म्हणेल, हें सारें ठीक आहे, पण या परक्या संगीताशीं आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो पुष्कळांच्या समजुतीपेक्षां जवळचा आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिऑन ॲबी या कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड हे आले; पियानोवादक वेदरफोर्ड तर पुढें कलकत्त्यांत रमला आणि १९४५ सालीं तेथेंच वारला. या मंडळींच्या सहवासांत जे तयार झाले, त्यांत गोमंतकीय वादकांचा भरणा मोठा होता. गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लहानपणींच पाश्चात्त्य स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. शिवाय आणखी एक ठेवा त्यांच्यापाशीं होता, तो म्हणजे मांडो. मांडो हें कोंकणी गीत संथ, सहा मात्रांच्या चालीचें. प्रेम आणि ताटातूट हे त्याचे आवडते विषय. साथीला व्हायोलिन व घुमट. आणि दोन आवाज ठराविक अंतर राखून जोडीनें चालणारे. ज्याच्या कानांवर लहानपणापासून मांडो पडला, त्याला ही अमेरिकन विराणी ओळखीची वाटली असली पाहिजे, असें मला वाटतें.

मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून वर्षानुवर्षें ताजमध्यें वाजत होता. हळदोणें गांवचे अंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नांवानें ट्रंपेट वाजवीत. १९४९ सालीं मुंबई इलाख्यांत दारूबंदीचा कायदा झाला, हॉटेलांतील नाचाच्या रात्री मंदावल्या, आणि यांपैकीं अनेकांनीं चित्रपटांच्या स्टुडिओची वाट धरली. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाला संगीत देणारे सी. रामचंद्र, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्या साथीला चिक चॉकलेट होते. त्या चित्रपटांत ते पडद्यावरही दिसतात. चितळकरांनीं विनायकबुवा पटवर्धनांपाशीं गाण्याचे धडे घेतले होते, आणि विनायकबुवांचे गुरु पं. विष्णु दिगंबर पलुसकर, ज्यांनीं आपल्या या नाशकांत रामनाम आधार आश्रम स्थापिला. हें संगीत आपल्या गुरुपरंपरेच्या वंशवृक्षाला किती जवळून स्पर्श करून गेलें, हें यावरून ध्यानांत यावें.

मात्र ज्यांनीं तें आणलें, त्या बहुतेक वादकांचीं नांवें तबकड्यांवर छापलीं गेलीं नाहींत. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटामुळें अँथनी गोन्साल्विस हें नांव हंशाबरोबर घरोघरीं पोहोंचलें. तें नांव संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचें, आणि त्यांच्या आदरार्थ गाण्यांत घातलेलें, हें तें गुणगुणणाऱ्या किती घरांना ठाऊक होतें? निदान त्यांची कला काय होती, एवढें तरी आपण समजून घ्यावें.

असो. आतां गीताच्या घडणीकडे वळूं. नेहमीच्या घाटाचें स्टँडर्ड बत्तीस खंडांचें असतें, आणि प्रत्येक खंड चार मात्रांचा. या बत्तिसांचे आठ-आठ खंडांचे चार भाग पडतात. पहिला भाग झाला कीं तीच चाल पुन्हा येते. तिसऱ्या भागाला वेगळी चाल असते, त्याला 'ब्रिज' म्हणजे पूल म्हणतात. आणि पूल ओलांडून चौथ्या भागांत गीत पहिल्या चालीवर परत येतें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर अस्ताई दोनदां, अंतरा एकदां आणि पुन्हा अस्ताई. सगळ्या मिळून १२८ मात्रा झाल्या. सेकंदाला एक मात्रा अशी लय धरली, तर गीत एकदां पुरें होण्यास दोन मिनिटें आठ सेकंद लागतात. हें एक आवर्तन समजावें. गायकानें शब्द म्हटल्यावर वादक याच आवर्तनावर स्वतःचा विस्तार करतो. विस्तार कितीही स्वैर भासला, तरी बत्तीस खंडांचें कुंपण तो मोडीत नाहीं. विलंबित ख्याल ऐकतांना आपण मनांत समेची वाट पाहतों. येथें पुलाची आणि पुलावरून परतण्याची वाट पाहावी. एवढें साधलें, तरी हें संगीत पहिल्याच बैठकींत निम्में उलगडतें.

आपल्या कानाला खरा अडथळा येतो तो दुसऱ्या ठिकाणीं. आपला तंबोरा षड्ज धरून असतो. गायक कोठेंही फिरो, पायांखालची जमीन हलत नाहीं. जाझमध्यें ती जमीनच हलत असते. कॉर्ड, म्हणजे एकाच वेळीं वाजणारा स्वरांचा समूह, दर खंडाला, कधीं दर दोन मात्रांना बदलतो, आणि वरचा स्वर तोच राहिला तरी त्याचा अर्थ बदलतो. याचा अनुभव ज्याच्या घरीं पेटी आहे त्याला दोन मिनिटांत घेतां येईल. उजव्या हातानें मध्य सप्तकांतील पंचम दाबून धरावा व तो मुळींच सोडूं नये. डाव्या हातानें मंद्र सप्तकांत प्रथम षड्ज वाजवावा. पंचम शांत, स्थिर वाटेल. मग षड्ज सोडून तेथेंच कोमल गंधार वाजवावा. वरचा पंचम आतां त्या नव्या स्वराचा शुद्ध गंधार झाला, आणि त्यावर एकाएकीं उजेड पडल्यासारखा भास होईल. त्यानंतर शुद्ध धैवत वाजवावा. तोच पंचम आतां कोमल निषाद झाला, आणि कोठें तरी जावयाचें राहून गेल्यासारखा अस्वस्थ ऐकूं येईल. स्वर एकच, अर्थ तीन. बॅलड रचणारा या खेळावरच आपलें घर बांधतो.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे 'बॉडी अँड सोल' हें गीत. जॉनी ग्रीन यानें त्याची चाल १९३० सालीं बांधली. त्याचा पूल जेव्हां येतो, तेव्हां सगळा षड्जच अर्ध्या स्वरानें वर सरकतो. चार खंडांनंतर तो एक पूर्ण स्वर खालीं उतरतो. आणि मग अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या पायऱ्या उतरत मूळ पट्टी पुन्हा गांठली जाते. आपल्याकडे गायकानें मध्येंच तंबोऱ्याची पट्टी बदलली तर मैफल उठेल. येथें त्या बदलांतच गीताची व्याकुळता भरलेली आहे. गाणाऱ्याला ही वाट डोळे मिटून ठाऊक असावी लागते, नाहीं तर तो पुलावरच हरवतो.

आतां प्रत्यक्ष गावें किंवा वाजवावें कसें? अनुभवी मंडळी पहिली गोष्ट सांगतात ती ही कीं, आधीं शब्द पाठ करावे. वादकानेंसुद्धां. सॅक्सोफोनला जीभ नाहीं, तो शब्द उच्चारूं शकत नाहीं, हें खरें. पण वाजविणाऱ्याला वाक्य कोठें संपतें, प्रश्न कोठें आहे, कोणत्या शब्दावर श्वास अडखळतो, हें माहीत नसेल, तर त्याचे स्वर नुसतेच गोड होतात. डेक्स्टर गॉर्डन हा प्रख्यात सॅक्सोफोनवादक बॅलड सुरू करण्यापूर्वीं गीताचे शब्द श्रोत्यांपुढें सावकाश बोलून दाखवी व मगच वाद्य ओठाला लावी. शाळेंत कविता शिकवितांना आम्ही आधीं तिचें अर्थपूर्ण वाचन करून घेत असूं, चाल मागाहून. तीच ही पद्धत. गीत गद्यासारखें वाचावें, कोणाला तरी सांगत असल्यासारखें वाचावें, आणि त्या बोलण्याची चढउतार कानांत मुरूं द्यावी.

दुसरी गोष्ट, चाल जशी लिहिली आहे तशी, एकही हरकत न घेतां, गातां आली पाहिजे. हें सोपें वाटतें, पण येथेंच बहुतेकांची परीक्षा होते. द्रुत लयींत दोष झांकले जातात. संथ लयींत प्रत्येक स्वर उघड्यावर उभा असतो; तो किंचित् उतरला, लांबवितांना थरथरला, तर लपावयास जागा नाहीं. नवशिका म्हणून घाबरतो आणि रिकामी जागा दिसली कीं तींत मुरक्या भरतो. बॅलडमध्यें हा मोठा दोष समजतात. दोन वाक्यांमधली शांतता ही गीताचाच भाग आहे. ती जशीच्या तशी राहूं द्यावयास धैर्य लागतें.

तिसरी गोष्ट लयीची. बिली हॉलिडे ही गायिका या बाबतींत आदर्श मानली जाते. तिची साथ घड्याळासारखी नियमित चाललेली असते, पण तिचा शब्द मात्रेवर न पडतां जरासा मागाहून पडतो, जणूं बोलावें कीं न बोलावें या विचारांत क्षण गेला. आपल्या ख्यालगायकांना हें नवें नाहीं. तबल्याचा ठेका आपल्या जागीं राहतो, बोल त्याच्या आगेंमागें झुलतात आणि समेला दोघे भेटतात. पण एक पथ्य आहे. मागें राहणें निराळें आणि लय सोडणें निराळें. ज्याच्या मनांत मात्रा पक्की आहे, त्यालाच तिच्या मागें रेंगाळण्याचा अधिकार पोहोंचतो. म्हणून अभ्यास करतांना मात्रायंत्र सेकंदाला एक या गतीवर ठेवावें आणि महिनाभर तरी त्याच्याशीं प्रामाणिक राहावें.

चौथी गोष्ट साथीची. आपण नाशिककर. ढोल म्हणजे काय हें आपणांस कोणी सांगावयास नको. आपल्या ढोलाचा नाद चार गल्ल्या ओलांडून जातो. बॅलडची ताशा-ढोलकी याच्या अगदीं उलट असते. तेथें ड्रम वाजविणारा काठ्या खालीं ठेवतो व तारांचे लहान कुंचे हातीं घेतो. ते तो चामड्यावर गोल फिरवितो, आणि सुपांत धान्य पाखडावें तसा सळसळ आवाज अखंड येत राहतो. डबल-बास हें मोठें तंतुवाद्य बहुधा एका खंडांत दोनच स्वर देतें. पियानो गायकाच्या वाक्यानंतर थोडेंसें बोलतो आणि गप्प बसतो. चांगल्या साथीदाराची कसोटी त्यानें किती वाजविलें यापेक्षां काय सोडून दिलें यावर ठरते. हार्मोनियमची साथ करणाऱ्या आपल्या जुन्या मंडळींना हें वेगळें सांगावें लागूं नये.

पांचवी गोष्ट विस्ताराची. संथ लयींत एक-दोन आवर्तनें म्हणजे बराच काळ होतो, म्हणून बॅलडमध्यें विस्तार आटोपशीर ठेवतात. पहिल्या आवर्तनांत चाल ओळखूं येईल अशी ठेवून तिच्या कडा थोड्या बदलाव्या. दुसऱ्यांत अधिक मोकळें व्हावें. कधीं कधीं वादक मूळ लय तीच ठेवून तिच्यावर दुगुन करतात. ऐकणाऱ्याला लय वाढल्यासारखी वाटते, पण खंड तितकेच लांब राहतात. विस्तार संपला कीं गायक पुष्कळदां अगदीं आरंभापासून न घेतां पुलापासून गीत उचलतो आणि शेवटच्या आठ खंडांत घरीं येतो. अखेरच्या ओळीपाशीं साथ थांबते, आणि एकटा गायक वा वादक ताल सोडून दोनचार स्वरवाक्यें म्हणतो. आपली मैफल अनिबद्ध आलापानें सुरू होते; यांची कित्येकदां त्यानें संपते, एवढाच फरक.

हे सर्व नियम सांगितले, तरी ते पाळणारे दोन कलावंत एकाच गीताचें काय वेगवेगळें करतात, हें ऐकण्यासारखें आहे. कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवादकानें पांच वर्षें युरोपांत काढून मायदेशीं परतल्यावर ११ ऑक्टोबर १९३९ रोजीं 'बॉडी अँड सोल' ध्वनिमुद्रित केलें. सुरुवातीला तो मूळ चालीची जेमतेम ओळख देतो, आणि मग दोन आवर्तनेंभर ती जवळजवळ सोडूनच देतो. राहते ती केवळ खालची सरकती जमीन, आणि तिच्यावर त्याची स्वतःची, क्षणोक्षणीं चढत जाणारी रचना. मूळ चाल सोडूनही ही तबकडी अमेरिकेंत सामान्य लोकांनीं उचलून धरली. लगेच पुढच्या वर्षीं, १९४० सालीं, बिली हॉलिडेनें तेंच गीत गाइलें. ती शब्द सोडीत नाहीं, तानबाजी करीत नाहीं. उंच स्वर टाळून चाल थोडी सपाट करते, शब्द उशिरा टाकते, आणि तेवढ्यानेंच गीत तिचें होतें. एकानें चाल त्यागून गीत राखलें, दुसरीनें चाल कमी करून तें राखलें. हीं दोन्ही मुद्रणें आज सहज मिळतात. एकामागून एक, दिवा मंद करून, घरांतील सर्वांनीं ऐकावीं, आणि प्रत्येक वेळीं बोटावर मोजून पूल कोठें येतो तें शोधावें.

आतां एक सावधगिरीची सूचना. हल्लीं आपल्या शहरांत गिटार व कीबोर्ड शिकणारीं मुलें पुष्कळ आहेत, आणि यंत्रांच्या मदतीनें कोणाचेंही वादन स्वरशः टिपून घेणें सोपें झालें आहे. हॉकिन्सचीं तीं दोन आवर्तनें जशींच्या तशीं वाजवून दाखविणारा मुलगा घरच्यांच्या कौतुकास पात्र होतो, आणि अभ्यास म्हणून तें योग्यही आहे. कित्ता गिरविल्याविना अक्षर वळत नाहीं. परंतु कित्ता म्हणजे पत्र नव्हे. ज्या गीतानें पाऊणशें-शंभर वर्षें नवनवीन माणसांना आपलें मन सांगूं दिलें, त्याला एका जुन्या वादनाच्या चौकटींत बंद केलें, तर त्याचें स्टँडर्डपण संपलें. आईबापांनीं मुलाला एवढेंच विचारावें: हें छान झालें, पण तुला यांत काय उमजलें? तो गोंधळला तरी हरकत नाहीं. त्यानें मूळ चाल साधेपणीं एकदां वाजवून दाखवावी, शब्दांचा अर्थ मराठींत सांगावा, आणि मग त्याच्या मनाला येईल ती एक ओळ बदलून वाजवावी. तेथून त्याचें गाणें सुरू होईल.

आणि ज्यांना इंग्रजी गीताशीं कर्तव्य नाहीं, त्यांनींही या पद्धतीचा लाभ घ्यावा. आपल्या आवडीचें एखादें नाट्यपद किंवा भावगीत घ्यावें. तें आधीं नुसतें वाचावें. मग हरकती काढून टाकून चाल गावी. मग एका ओळींत, जेथें अर्थ मागेल तेथेंच, शब्द थोडा उशिरा टाकून पाहावा. आणि दोन ओळींमधली शांतता मोडूं नये. जुनें गाणें नव्यानें कानीं पडेल. आंतोनियो वाझ, मिकी कोरिया आणि त्यांच्यासारखे अनेक नांव नसलेले गोमंतकीय वादक आयुष्यभर रात्रीमागून रात्री हेंच करीत होते: सर्वांच्या गाण्यांतून आपल्याला उमजलेलें तेवढें, तेवढेंच, बाहेर काढीत होते. पुढच्या वेळीं एखाद्या जुन्या चित्रगीताच्या दोन ओळींमध्यें ट्रंपेटचा एखादा हळुवार तुकडा ऐकूं आला, तर गाणाऱ्याच्या नांवाबरोबर त्या फुंकणाऱ्याचीही आठवण आपण ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.